मुक्या जिवाची सेवा आणि मोहाची सीमा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तमहाराजांची तसबीर घरात नाही असा या अंकाचा वाचक शोधून सापडायचा नाही. तीन शिरे, सहा हात, मागे गाय आणि पायाशी चार श्वान. गाय म्हणजे पृथ्वी आणि चार श्वान म्हणजे चार वेद, हा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि तो खराच आहे. पण हीच तसबीर एखाद्या लहान मुलाला दाखवून पाहा. त्याला वेद दिसत नाहीत, कुत्री दिसतात. ती देवाच्या पायाशी अगदी निर्धास्त बसलेली दिसतात. बाकीच्या देवांजवळचे प्राणी बहुतेक वाहने आहेत. नंदी आहे, गरुड आहे, उंदीर आहे, मोर आहे. ते देवाला वाहून नेतात. महाराजांच्या जवळची जनावरे मात्र कुणाचे ओझे वाहत नाहीत. ती नुसती जवळ असतात, आणि त्यांना जवळ राहू दिलेले असते.

ही गोष्ट मनात घोळण्याचे कारण असे, की गेल्या दीड वर्षात आमच्या घरी एक प्रश्न उभा राहिला होता. प्रश्न तसा लहान वाटेल. घरातले एखादे मुके जनावर असाध्य दुखण्याने आजारी पडले, तर गृहस्थाने त्याच्यासाठी किती करावे? कुठे थांबावे? जे करतो ती भूतदया म्हणायची की मोह? आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मांजर, कुत्रा, गाय-म्हैस असते. मुले परगावी गेली, घरात दोन-तीन म्हातारी माणसे राहिली, की या मुक्या जिवांचा लळा जास्तच लागतो. त्यामुळे हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाही, असे वाटून हे चार शब्द लिहितो आहे.

आम्ही सांगलीचे. नरसोबाची वाडी आणि औदुंबर दोन्ही हाकेच्या अंतरावर म्हणावीत अशी. घरात मी, सौ. आणि ब्याऐंशी वर्षांच्या आमच्या काकू. बारा वर्षे आमच्याकडे एक मांजर होती. नाव मनीच. ती हळूहळू वाळू लागली. खाणे होते, पण अंगी लागत नव्हते. आठवड्यातून दोनदा उलटी, पोट सतत बिघडलेले. वजन साडेचार किलोवरून साडेतीनवर आले तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, पोटाची सोनोग्राफी झाली, आतड्याची भिंत जाड झालेली दिसली, आणि तुकडा काढून तपासल्यावर निदान आले : आतड्याचा कर्करोग.

डॉक्टरांनी फार नीट समजावून सांगितले. वाचकांपैकी कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून तेवढे लिहितो. मांजरांच्या आतड्यात जो कर्करोग सर्वांत जास्त आढळतो त्याला लिम्फोमा म्हणतात. बहुधा वय झालेल्या मांजरांना होतो. त्यात मुख्य प्रकार दोन. एक मोठ्या पेशींचा, तो झपाट्याने वाढतो आणि त्यात आयुष्य बहुधा महिन्यांतच मोजायचे. दुसरा लहान पेशींचा, तो सावकाश चालतो. त्यात तोंडाने द्यायच्या गोळ्यांवर पुष्कळ मांजरे दोन वर्षे, कधी त्याहून जास्त, चांगली राहतात. आतड्याची जुनाट सूज आणि हा सावकाश चालणारा रोग बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून तुकडा तपासावा लागतो. मनीचा हा दुसरा प्रकार होता. डॉक्टर म्हणाले, “काका, ती बरी होणार नाही, पण काही काळ बरी राहू शकेल.” ‘बरी होणे’ आणि ‘बरी राहणे’ यांतला फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही तो तितकाच खरा आहे, नाही का?

औषध असे : प्रेडनिसोलोन नावाचे स्टेरॉइड रोज, क्लोरॅम्ब्युसिलची गोळी एक दिवसाआड, बी-१२ ची इंजेक्शने, आणि ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. क्लोरॅम्ब्युसिल ही कर्करोगाची गोळी. ती फोडायची नाही, कुटायची नाही, हातमोजे घालूनच द्यायची, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने हातही लावायचा नाही. मांजराची घाणसुद्धा हातमोजे घालूनच काढायची.

एवढा खर्च, तोही मांजरावर?

पहिला प्रश्न शेजाऱ्यांकडून आला. “माणसांना औषध मिळत नाही, आणि तुम्ही मांजराला केमो देताय?” बोलणे टोचले, पण ते उडवून लावण्यासारखे नव्हते. भूक लागलेल्या माणसाच्या तोंडचा घास काढून मांजराला घातला तर ती भूतदया नव्हे. पेन्शनीत घर चालवणाऱ्याने कर्ज काढून असले उपचार करावेत, असेही मी म्हणणार नाही.

पण मग हा हिशेब नीटच मांडावा. आम्ही दोघांनी बसून तीन गोष्टी ठरवल्या. कर्ज काढायचे नाही. काकूंची औषधे आणि देवळातल्या अन्नदानाला द्यायची रक्कम यांतला एक रुपया कमी करायचा नाही. जे काही लागेल ते आपल्या सोयींतून काढायचे. त्या वर्षी गाणगापूरला गाडी न करता एस.टी.ने गेलो. नवा टीव्ही घ्यायचा होता, तो राहिला. गंमत अशी, की टीव्ही घेतला असता तर “गरिबांना अन्न नाही आणि तुम्ही टीव्ही घेताय?” असे कुणी विचारले नसते. स्वतःच्या सुखावरचा खर्च कुणाच्या डोळ्यांत येत नाही. दुसऱ्या जिवाच्या दुःखावरचा येतो.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवली. गोळ्या आणि इंजेक्शने चालतील. मोठे ऑपरेशन, दवाखान्यात आठ-आठ दिवस ठेवणे, नळ्या लावणे हे करायचे नाही. तिला ते कळले नसते, नुसती भीती वाटली असती. मर्यादा आधी आखून ठेवली की ऐन वेळी मन घसरत नाही. ज्यांना हेही परवडत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. नुसत्या स्टेरॉइडच्या स्वस्त गोळ्यांनीही काही काळ आराम पडतो, असे डॉक्टर सांगतात. तेवढे मनापासून केले तरी सेवा पुरी झाली.

सोवळ्यातल्या घरात मांसाची ताटली

दुसरा प्रश्न घरातूनच आला, आणि तो जास्त अवघड होता. आमचे घर शाकाहारी. मनीला वर्षानुवर्षे दूध-पोळी, आणि बाजारातले मांजरांचे कोरडे दाणे. आता डॉक्टर म्हणाले, दूध पूर्ण बंद, कारण मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतच नाही. आणि वजन भरून यायला उकडलेले चिकन किंवा डब्यातले मांसाचे खाणे द्या.

काकूंचा चेहरा उतरला. पण यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. कुत्रा काही प्रमाणात भाकरीवर राहू शकतो. मांजर राहू शकत नाही. त्याच्या शरीराला टॉरीन नावाचे एक द्रव्य बाहेरून लागते, आणि धान्यात, भाज्यांत ते नसते. ते मिळाले नाही तर मांजराचे डोळे जातात, हृदय कमकुवत होते. म्हणजे आपले पथ्य मांजरावर लादणे हा त्याच्यावर अन्याय आहे. अहिंसेचे व्रत मी घेतले आहे, तिने घेतलेले नाही. तिचा आहार तिच्या दातांतच लिहिलेला आहे, आणि तो लिहिणारा मी नव्हे.

आम्ही वाट काढली. गॅलरीत वेगळी ताटली, वेगळा चमचा. स्वयंपाकघरात काही आणायचे नाही. देणाऱ्याने हातपाय धुऊनच आत यायचे. खाणे थोडे कोमट केले की वास सुटतो आणि आजारी मांजर खायला लागते, हे तिथेच शिकलो. आणि मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतावर चरबी चढून ते दगावू शकते, म्हणून “आज नाही खाल्लं तर उद्या खाईल” असे म्हणून चालत नाही. काकूंनी एक शब्द उलट काढला नाही. आठ दिवसांनी मात्र त्यांनीच गॅलरीतून हाक मारली, “अरे, आज ताटली चाटून पुसून स्वच्छ केलीन बघ!” सोवळे सुटले नव्हते, आणि जीवही सुटला नव्हता.

पोथी की रोगी?

मार्गशीर्षातला सप्ताह. गुरुचरित्राचे पारायण चालू. पारायणाला बसले की मध्येच उठू नये, बोलू नये, हे नियम आपण सगळेच पाळतो, आणि पाळावेतच. तिसऱ्या दिवशी वाचन चालू असताना मनीला जोराची उलटी झाली. सौ. बाहेर गेली होती, काकूंना खाली वाकता येत नाही. अध्याय अर्धा झालेला. मी पोथीवर वस्त्र घातले, उठलो, तिला पुसून कोरड्या टॉवेलवर ठेवले, जागा स्वच्छ केली, पुन्हा स्नान केले आणि तो अध्याय पहिल्यापासून वाचायला घेतला.

समाप्तीनंतर मठातल्या एका वृद्ध सत्पुरुषांना हे सांगितले. ते हसून म्हणाले, “नियम चित्त स्थिर राहावं म्हणून आहेत. तुम्ही तसेच बसून राहिला असता तर चित्त पोथीत होतं का?” मी म्हटले, “नाही.” ते म्हणाले, “मग उठलात तेव्हाच पारायण चालू राहिलं म्हणायचं.”

इथे कुणी गैरसमज करून घेऊ नये. नियम मोडायला निमित्त शोधणे वेगळे, आणि समोर आलेल्या दुखण्यासाठी उठणे वेगळे. पैठणचे एकनाथमहाराज रामेश्वराला न्यायची गंगेची कावड घेऊन निघाले होते. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले, तेव्हा त्यांनी ती कावड त्याच्या तोंडात ओतली. नाथ शास्त्र जाणणारे होते, म्हणूनच त्यांना कोणते पाणी कुठे पोचते हे ठाऊक होते. गाणगापूरला मध्यान्ही भिक्षेच्या वेळी महाराज कोणत्याही रूपात येतात, अशी आपली श्रद्धा आहे. कोणत्याही म्हणजे कोणत्याही. त्यातून आपल्या गैरसोयीचे एखादे रूप वगळून चालणार नाही.

प्रारब्ध भोगू द्यावे, असे म्हणतात

तिसरा प्रश्न एका जाणत्या स्नेह्यांनी विचारला. “तिचं प्रारब्ध ती भोगते आहे. औषधं देऊन तुम्ही मध्ये का पडता? भोग शिल्लक राहिला तर पुन्हा जन्म घ्यावा लागेल.”

कर्माचा सिद्धांत मी मानतो. पण हा न्याय आपण स्वतःला लावतो का? गुडघा दुखला की आपण डॉक्टरकडे जातो. तेव्हा प्रारब्ध आठवत नाही. सिद्धांत तोच असेल तर तो दोघांनाही सारखाच लागू हवा. दुसरे असे, की तिच्या प्रारब्धात फक्त रोगच लिहिला आहे आणि औषध लिहिलेले नाही, हे आपल्याला कुणी सांगितले? रोग प्रारब्धाने आला असेल, तर आमच्या दारात येऊन बारा वर्षे राहणे, आणि आजारपणात गोळी देणारे दोन म्हातारे हात मिळणे, हेही प्रारब्धातूनच आले असणार.

मला वाटते, कर्मसिद्धांत स्वतःच्या दुःखाकडे पाहताना वापरावा. तिथे तो धीर देतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहताना तो पुढे केला की मन निबर होते. माझ्या वाट्याला आले ते माझे प्रारब्ध; समोरच्याच्या वाट्याला आले ते माझे कर्तव्य. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ आहे.

अंगाऱ्याबद्दलही सांगतो. आम्ही रोज तिच्या कपाळाला अंगारा लावत होतो. पण अंगारा कपाळाला आणि औषध पोटात, हा क्रम कधी बदलला नाही. एक सूचना कळकळीची. मांजराला दुखते म्हणून आपल्या डब्यातली तापाची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखे असते, एका गोळीनेही ते दगावू शकते. घरगुती काढे, तेलेसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. प्रेमाला ज्ञानाची जोड हवी. नाहीतर प्रेमच घात करते.

भरताचे हरीण

सगळ्यांत अवघड प्रश्न कुणी विचारला नाही, तो माझ्याच मनात होता. राजा भरताची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. राज्य सोडून तो गंडकीकाठी तप करीत होता. सिंहाच्या गर्जनेने घाबरलेली गाभण हरिणी नदी ओलांडताना व्याली आणि मेली. प्रवाहात वाहून चाललेले पाडस त्याने उचलून आणले. पुढे त्या पाडसात मन इतके गुंतले की संध्या, पूजा, ध्यान एकेक करून सुटले. अंतकाळी हरीणच डोळ्यांपुढे होते, म्हणून पुढचा जन्म हरिणाचा मिळाला. आणि आपल्या अवधूतांनी यदुराजाला जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत कपोत आहे. पिल्ले जाळ्यात सापडली म्हणून कपोती जाळ्यात पडली, ती पडली म्हणून कपोत पडला. अतिस्नेह करू नये, हा धडा अवधूत त्या पाखराकडून शिकले.

म्हणजे शास्त्र आपल्याला सावध करतेच आहे. पासष्टी ओलांडलेल्या माणसाने रात्री दोन वाजता उठून मांजराचा श्वास मोजत बसावे, हे भरताच्याच वाटेने जाणे तर नव्हे?

पुष्कळ विचार केल्यावर मला असे दिसले. भरताने पाडस प्रवाहातून काढले, यात त्याचे काही चुकले असे भागवत म्हणत नाही. डोळ्यांदेखत बुडणारे पिल्लू सोडून तो जप करीत बसला असता, तर त्या जपाला काय अर्थ होता? अडचण नंतर आली. पाडसाला त्याची गरज होती तोवर ती करुणा होती. त्यालाच पाडसाची गरज लागू लागली, तेव्हा ती आसक्ती झाली. कपोताचेही तसेच. जाळ्यात उडी घेऊन त्याने पिल्लांचे कोणते भले केले? कुणीच सुटले नाही. त्याच्या उडीत पिल्लांचे हित नव्हते; त्यांच्यावाचून जगणे त्याला सोसवत नव्हते, एवढेच.

म्हणून मी स्वतःला तपासण्यासाठी तीन प्रश्न ठरवले, आणि ते दर गुरुवारी आरतीनंतर मनात विचारत असे. पहिला : मला आज वाईट वाटते ते तिच्या दुखण्याचे, की ती गेल्यावर घर रिकामे होईल याचे? दुसरा : तिच्यापायी माझे दुसरे कोणते कर्तव्य राहिले का? काकूंच्या पायाला तेल लावायचे राहिले का? नित्याचा जप राहिला का? तिसरा : या सेवेने माझे मन रुंद झाले की अरुंद? देवळाबाहेरचे खरजेने भरलेले कुत्रे मला पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागले की कमी? ममता ‘माझी मनी’ म्हणते आणि दार लावून घेते. करुणा त्याच मनीच्या निमित्ताने दार उघडते. वस्तू एकच, पण एक आत ओढते आणि एक बाहेर नेते. तीन प्रश्नांची उत्तरे दर गुरुवारी सारखी येत नसत. पण विचारत राहिल्याने वाट सुटली नाही.

शेवट कुणी ठरवायचा?

गोळ्यांवर मनी चौदा महिने चांगली राहिली. वजन भरले, उन्हात लोळायला लागली, काकूंच्या जपमाळेशी खेळायला लागली. मग औषध लागू पडेनासे झाले. खाणे बंद, पाणी बंद, उलट्या थांबेनात. मांजर दुखणे लपवते. ओरडत नाही, कोपऱ्यात जाऊन बसते. ती कपाटामागे बसू लागली. अंगावर हात ठेवला तर सरकायची.

अमेरिकेतल्या जनावरांच्या कर्करोगतज्ज्ञ डॉ. अॅलिस व्हिलालोबोस यांनी अशा वेळेसाठी सात गोष्टींची एक मोजपट्टी दिलेली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर सेवा चालू ठेवण्यासारखी आहे, असे समजायचे. आमच्या डॉक्टरांनी ती कागदावर लिहून दिली. पहिल्या आठवड्यात एकतीस आले, पुढच्या आठवड्यात सतरा. डॉक्टर म्हणाले, आता शांतपणे निरोप देता येईल. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत झोपेतच हृदय थांबते.

काकू म्हणाल्या, “अरे, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं म्हणतात. जीव देणारा तो, नेणारा तो. आपण कोण?” त्यांच्या बोलण्यात अज्ञान नव्हते. आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी जिवाला हात लावण्यापूर्वी थरकावे म्हणून अशा म्हणी घालून ठेवल्या आहेत, आणि तो थरकाप असायलाच हवा. तो नसेल तर नकोशी झालेली म्हातारी जनावरे सोयीसाठी संपवण्याची वाट उघडते. म्हातारी माणसेही त्या वाटेपासून फार दूर नसतात.

तरी दुसरी बाजू आहे. 1928 मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होते. उपाय राहिला नव्हता. गांधीजींनी आश्रमातल्यांशी चर्चा केली, काहींचा विरोध होता, तो ऐकून घेतला, आणि शेवटी स्वतः समोर उभे राहून डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देववले. देशभर काहूर उठले, संतापाची पत्रे आली. अहिंसेसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाने हे लपवले नाही, उलट छापून जाहीर केले. त्यांचे म्हणणे असे होते, की मारणाऱ्याचा स्वार्थ किंवा राग जिथे आहे तिथे हिंसा आहे. दुसरा कोणताच उपाय उरला नसताना केवळ त्या जिवाची यातना संपवण्यासाठी केलेली कृती वेगळी. हे ज्यांना तेव्हा पटले नाही, त्यांतही मोठी माणसे होती.

मला या वेळी मार्जारन्याय आठवला. भक्तीचे दोन प्रकार सांगतात. माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून ठेवते, तो मर्कटन्याय. मांजराचे पिल्लू काहीच करीत नाही. आई त्याला तोंडात धरून नेईल तिकडे जाते, तो मार्जारन्याय. गुरूने आपल्याला असे न्यावे, म्हणून आपण शरण जातो. पण त्या मांजरीचे दात पाहा. उंदराला धरते ते दात आणि पिल्लाला धरते ते दात एकच असतात. एका ठिकाणी मरण, दुसऱ्या ठिकाणी अभय. फरक दातांत नाही, धरण्यामागच्या भावात आहे.

आम्ही निर्णय घेतला. गुरुवारी नाही, शुक्रवारी सकाळी डॉक्टर घरी आले. काकूंना शेवटपर्यंत पटले नव्हते. पण त्या उठून देवघरात गेल्या, तीर्थाची पळी आणली, आणि तिच्या ओठांवर थेंब सोडून म्हणाल्या, “जा बाई, महाराजांच्या पायाशी जागा आहे.” पटलेले नसतानाही त्या जवळ बसल्या. मला वाटते, त्या दिवशी घरातली सर्वांत मोठी सेवा त्यांनी केली.

वाचकांपैकी पुष्कळांना आमचा निर्णय मान्य होणार नाही, आणि तो मान्य व्हावा असा आग्रहही नाही. ज्यांची श्रद्धा काकूंसारखी आहे त्यांनी इंजेक्शन देऊ नये. पण मग दुखणे कमी करणारे औषध डॉक्टरांकडून पुरेपूर घ्यावे, ओठ ओले ठेवावेत, अंथरूण कोरडे ठेवावे आणि शेवटच्या श्वासापर्यंत जवळ बसावे. ज्यांना निरोप द्यावासा वाटतो त्यांनी आधी पाहावे, की यात आपली दगदग संपावी हा हेतू कुठे लपलेला नाही ना. या दोन्ही वाटा सेवेच्या आहेत. जनावराला तडफडत ठेवून आपण दुसऱ्या खोलीत जायचे आणि त्याला प्रारब्ध म्हणायचे, ही तिसरी वाट मात्र भक्ताची नव्हे.

शेवटी एक शंका उरते. बरे होणारच नव्हते, तर चौदा महिने एवढे कष्ट कशाला? याचे उत्तर गुरुचरित्रातच आहे. कुष्ठाने पीडलेल्या नरहरीला श्रीगुरूंनी औदुंबराचे वाळलेले लाकूड रोवून त्याला पाणी घालायला सांगितले. लोक हसले, वाळक्या लाकडाला कधी पालवी फुटते का, म्हणाले. तो मात्र उपाशीतापाशी पाणी घालीत राहिला. श्रीगुरूंनी त्याचा भाव पाहिला. आपण ही कथा वाचताना लाकडाला फुटलेल्या पालवीकडे पाहतो. पण पालवी फुटण्यापूर्वीचे ते दिवसही त्याच कथेत आहेत, आणि सेवा त्या दिवसांतच होती. आपल्या हाती फक्त पाणी घालणे असते. पालवी कुठे फुटते, लाकडाला की पाणी घालणाऱ्याला, हे त्यांचे ते जाणोत.

या दत्तजयंतीला पाळण्याचे दर्शन घेऊन बाहेर पडाल, तेव्हा देवळाच्या ओट्यावर एखादे म्हातारे कुत्रे नाहीतर हडकलेले मांजर अंग चोरून बसलेले असेल. त्याला हाकलण्यापूर्वी क्षणभर थांबा, आणि आतल्या मूर्तीच्या पायाशी कोण बसले आहे ते आठवा.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥